आयटी कंपन्यांचे साहेब आले कुठून?

फकीरचंद कोहलींना भारतीय आयटी उद्योगाचे जनक म्हणतात. पण त्यांची हयातीतली पहिली जवळपास वीस वर्षांची नोकरी विजेची होती. पेशावरला जन्म, लाहोरला शिक्षण, मग कॅनडातलं क्वीन्स विद्यापीठ आणि अमेरिकेत एमआयटी. 1951 साली ते टाटा इलेक्ट्रिकमध्ये रुजू झाले. खोपोली, भिवपुरी, भिरा इथली जलविद्युत केंद्रं आणि पुढे ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र, या सगळ्यांतून मुंबईला कुठल्या क्षणी किती वीज सोडायची याचा ताळमेळ बसवणं हे त्यांचं काम. हा हिशेब मुळातच गणिती, आणि त्यातूनच कोहली संगणकाकडे वळले.

टाटा सन्सने 1968 साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) सुरू केली ती एमआयटीहून परतलेल्या ललित कनोडियांसारख्या तरुणांच्या हातांनी. टिस्कोची (आजची टाटा स्टील) पंचकार्डं, सेंट्रल बँकेच्या शाखांमधल्या व्यवहारांची जुळणी अशी सुरुवातीची कामं होती. कोहली 1969 मध्ये तिथे आले, मनाविरुद्धच. पुढे पंचवीसहून अधिक वर्षं त्यांनीच कंपनी चालवली. सॉफ्टवेअरमध्ये करिअर करून कुणी सॉफ्टवेअर कंपनीचा प्रमुख होईल, अशी सोयच तेव्हा नव्हती. धंदाच नव्हता तर अनुभवी माणूस आणायचा कुठून? म्हणून या पहिल्या पिढीचे परिचय वाचताना मजा येते. प्रत्येक जण दुसऱ्याच कुठल्या तरी खात्यातून आलेला.

विप्रोचं उदाहरण महाराष्ट्रात सर्वांना तोंडपाठ आहे. जळगाव जिल्ह्यातल्या अमळनेरला 1945 साली निघालेली ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ वनस्पती तूप करायची. 1966 मध्ये वडील गेले, तेव्हा अझीम प्रेमजी एकवीस वर्षांचे होते. स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून ते परतले. त्या तेलाच्या कारखान्याला संगणकाचा रस्ता सापडला तो मात्र सरकारी धोरणामुळे. 1973 च्या परकीय चलन कायद्याने विदेशी भागीदारी चाळीस टक्क्यांवर आणायला सांगितलं, आयबीएमने नकार दिला आणि 1978 मध्ये गाशा गुंडाळला. त्या रिकाम्या जागेत विप्रो शिरली, तशीच शिव नाडर यांची एचसीएलही. नाडर आणि त्यांचे साथीदार दिल्लीच्या डीसीएममधले (दिल्ली क्लॉथ मिल्स). तिथे कॅल्क्युलेटर विकत असतानाच त्यांनी नोकऱ्या सोडल्या आणि 1976 मध्ये स्वतःचं दुकान मांडलं.

पण माणसं कुठून आली हे शोधायचं तर खरं खोदकाम पटनीत करावं लागतं. पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्स हे नाव आज तिशीतल्या इंजिनिअरला माहीत असेलच असं नाही. नरेंद्र पटनी एमआयटीत शिकलेले. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी अमेरिकेत डेटा कन्व्हर्जनचा धंदा काढला. तिकडची कागदपत्रं भारतात यायची, पुण्यात बसलेली माणसं ती टाइप करून कागदी टेपवर छिद्रांच्या रूपात उतरवायची आणि त्या टेप परत अमेरिकेला जायच्या. पुढे दोन हजार सालाच्या आसपास ‘आउटसोर्सिंग’ म्हणून ज्याचे गोडवे गायले गेले, ते इथे तीस वर्षं आधी, तेही इंटरनेटशिवाय चालू होतं. नंतर पटनींनी डेटा जनरल या अमेरिकी कंपनीचे संगणक भारतात विकायला घेतले आणि त्यासोबत सॉफ्टवेअर विभाग उभा राहिला.

त्या विभागाचे प्रमुख होते नारायण मूर्ती. त्याआधी ते अहमदाबादच्या आयआयएममध्ये संगणकावर काम करत होते. सॉफ्ट्रॉनिक्स नावाची स्वतःची कंपनी काढून ती गुंडाळूनही झाली होती. 1978 मध्ये मुंबई आयआयटीतून नुकताच बाहेर पडलेला नंदन निलेकणी नावाचा मुलगा मुलाखतीला आला, मूर्तींनी त्याला घेतलं. क्रिस गोपालकृष्णन, शिबुलाल, दिनेश, राघवन, अशोक अरोरा हेही पटनीतलेच. या सात जणांनी 1981 च्या जुलैत पुण्यात इन्फोसिस काढली, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांवर. दोन वर्षांत मायको (आजची बॉश) या ग्राहकापायी कंपनी बंगळुरूला हलली. पुणेकर त्याबद्दल अजून हळहळतात, आणि त्यांचं चुकतं असं मला वाटत नाही.

पुढची तेहतीस वर्षं इन्फोसिसचा मुख्याधिकारी पटनीतून बाहेर पडलेल्या या सातांपैकीच कुणी तरी होता. मूर्ती, निलेकणी, गोपालकृष्णन, शिबुलाल, पंगतीत ताट सरकावं तसं पद सरकत गेलं. 2014 मध्ये सॅप या जर्मन सॉफ्टवेअर कंपनीतून विशाल सिक्का आले तो पहिला बाहेरचा माणूस. 2017 मध्ये ते गेले, निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले आणि 2018 च्या जानेवारीत कॅपजेमिनी या फ्रेंच कंपनीतून सलील पारेख आले. दरम्यान पटनीचं काय झालं? 2011 मध्ये ती आयगेट या आयटी कंपनीने घेतली. तेव्हा आयगेटचे प्रमुख होते फणीश मूर्ती, म्हणजे पूर्वाश्रमीचे इन्फोसिसवाले. 2015 मध्ये आयगेटच कॅपजेमिनीने गिळली. थोडक्यात, जिथून इन्फोसिसचे संस्थापक निघाले ती कंपनी ज्या घरात विलीन झाली, त्याच घरातून इन्फोसिसने आपला प्रमुख आणला.

टीसीएसमध्ये मात्र दुसरी पिढी घरातच वाढली. एस. रामदुराई 1972 मध्ये शिकाऊ इंजिनिअर म्हणून आले आणि 1996 मध्ये कोहलींच्या जागी बसले. एन. चंद्रशेखरन 1987 मध्ये आले, 2009 मध्ये प्रमुख झाले आणि 2017 मध्ये थेट टाटा सन्सचे अध्यक्ष. सध्याचे के. कृतिवासनही 1989 पासून तिथलेच. बाहेरून माणूस आणायचा नाही हा तिथला अलिखित रिवाज.

पुण्यातल्या कंपन्यांची वंशावळ अजूनच वेगळी आहे. केपीआयटी या नावातला ‘केपी’ म्हणजे किर्तने आणि पंडित, ही चार्टर्ड अकाउंटंट मंडळींची पेढी. रवी पंडित आणि किशोर पाटील दोघेही सीए. हिशेब तपासणाऱ्यांनी 1990 मध्ये काढलेली कंपनी आज जगभरच्या मोटारींचं सॉफ्टवेअर लिहिते. त्याच वर्षी पर्सिस्टंट काढणारे आनंद देशपांडे इंडियाना विद्यापीठाचे पीएचडी, त्याआधी कॅलिफोर्नियात एचपीच्या प्रयोगशाळेत. आणि क्विक हीलचे कैलाश काटकर? सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे, दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे. धाकटे भाऊ संजय संगणक शिकले, त्यांनी व्हायरस काढणारं सॉफ्टवेअर लिहिलं आणि 2016 मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. आयआयटीचा शिक्का नसेल तर या धंद्यात वर जाता येत नाही, असं म्हणणाऱ्यांना एवढं एक नाव पुरावं.

संचालक मंडळाची गोष्ट निराळी. 1993 मध्ये इन्फोसिस बाजारात उतरली तेव्हा बाहेरचे संचालक म्हणजे ओळखीपाळखीचे प्रतिष्ठित लोक, असाच देशभरचा शिरस्ता होता. शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने 2000 साली कुमारमंगलम बिर्ला समितीच्या अहवालावरून सूचिकरण करारात, म्हणजे कंपनी आणि शेअर बाजार यांच्यातल्या करारात, 49 वं कलम घातलं, स्वतंत्र संचालक बंधनकारक झाले. मग हैदराबादच्या सत्यम या आयटी कंपनीचा घोटाळा घडला. 2008 च्या डिसेंबरात त्या मंडळावर कोण होतं पाहा : इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता राममोहन राव, हार्वर्डचे प्राध्यापक कृष्णा पालेपू, माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद, दिल्ली आयआयटीचे माजी संचालक व्ही. एस. राजू आणि पेंटियम चिपवाले, जन्माने पुणेकर विनोद धाम. यापेक्षा वजनदार परिचय कुठून आणणार? याच मंडळाने 16 डिसेंबरला सत्यमचे संस्थापक-अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या मुलांशी संबंधित, बांधकाम क्षेत्रातल्या मायटास कंपन्या विकत घ्यायला मान्यता दिली. गुंतवणूकदार खवळले तेव्हा काही तासांतच बेत मागे घ्यावा लागला. 7 जानेवारी 2009 ला राजूंनी पत्र लिहून हिशेब खोटे असल्याची कबुली दिली.

या मंडळींचा घोटाळ्यात हात होता असं नाही. पण बँकेत नसलेला पैसा पुस्तकात दिसतोय हे पकडायला डॉक्टरेट लागत नाही, खोदून विचारण्याची सवय लागते. सरकारने नेमलेल्या नव्या मंडळात एचडीएफसीचे दीपक पारेख, आयटी उद्योगाची संघटना नॅसकॉमचे माजी अध्यक्ष किरण कर्णिक, सेबीतून आलेले सी. अच्युतन आणि सनदी लेखापाल टी. एन. मनोहरन अशी माणसं आली. तीन-चार महिन्यांत त्यांनी कंपनी टेक महिंद्राच्या हवाली केली.

2013 च्या कंपनी कायद्याने सूचीबद्ध कंपनीत किमान एक तृतीयांश स्वतंत्र संचालक, पाच-पाच वर्षांच्या सलग दोनच मुदती आणि सूचीबद्ध आणि इतर मोठ्या पब्लिक कंपन्यांत किमान एक महिला संचालक अशी चौकट घातली. रोशनी नाडर मल्होत्रा 2020 मध्ये वडिलांच्या जागी एचसीएल टेकच्या अध्यक्ष झाल्या. सूचीबद्ध भारतीय आयटी कंपनीच्या पहिल्या महिला अध्यक्ष. त्यांची सुरुवात टीव्ही बातम्यांच्या निर्मितीत झाली होती.

वरच्या खुर्च्यांवरची ये-जा आता नेहमीची झाली आहे. इन्फोसिसमधले दोघे वरिष्ठ 2023 मध्ये दुसरीकडे प्रमुख झाले : कॉग्निझंटला रवी कुमार, ज्यांची पहिली नोकरी भाभा अणुसंशोधन केंद्रात होती, आणि टेक महिंद्राला मोहित जोशी, ज्यांची पदवी इतिहासातली. सेबीच्या 2018 च्या दुरुस्तीनंतर कंपनीला वार्षिक अहवालात तक्ताच द्यावा लागतो, कुठल्या संचालकाकडे कुठलं कौशल्य आहे याचा. वित्त, तंत्रज्ञान, जोखीम, परदेशी बाजार असे रकाने असतात. अनेक तक्त्यांत जवळपास प्रत्येकाच्या नावापुढे प्रत्येक रकान्यात टिकमार्क असते.