संसदीय समितीकडे विधेयकावर लेखी निवेदन कसे पाठवावे: पात्रता, कागदपत्रे, मुदत आणि नेहमी होणाऱ्या चुका

लोकसभेत किंवा राज्यसभेत विधेयक मांडले की बातमी येते, चर्चा होते, आणि पुष्कळांना वाटते की आता सगळे खासदारांच्या हातात गेले. पण विधेयक समितीकडे पाठवले गेले असेल, तर मध्ये काही दिवस असे येतात की कोणालाही आपले म्हणणे लेखी स्वरूपात थेट संसदेच्या समितीपुढे ठेवता येते. त्यासाठी वकील लागत नाही, फी नाही, स्टॅम्पपेपर नाही. मुदत मात्र फार थोडी असते, बहुधा पंधरा दिवस. म्हणून तयारी जाहिरात येण्याआधीच करून ठेवलेली बरी.

आधी पाहा, विधेयक कुठल्या समितीकडे आहे

प्रत्येक विधेयक समितीकडे गेलेच पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७१ टक्के विधेयके समितीकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवर आले. तेव्हा आपल्या विषयाचे विधेयक समितीकडे गेले असेल, तर ती संधी वाया घालवू नये.

समित्या तीन प्रकारच्या असतात आणि हा फरक समजून घेतल्याशिवाय निवेदन लिहायला बसू नये.

विभागांशी संबंधित स्थायी समित्या २४ आहेत. १९९३ मध्ये त्या १७ होत्या, २००४ मध्ये २४ झाल्या. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. विधेयक त्यांच्याकडे लोकसभेचे अध्यक्ष किंवा राज्यसभेचे सभापती पाठवतात. या समित्या शिफारशी करतात, पण विधेयकाच्या मजकुराला स्वतः हात लावत नाहीत. त्यांचा अहवाल म्हणजे विचारपूर्वक दिलेला सल्ला, सरकारवर बंधनकारक नाही.

प्रवर समिती एकाच सभागृहाची असते, तर संयुक्त समिती, जिला सगळे जेपीसी म्हणतात, दोन्ही सभागृहांची असते. या दोन्ही समित्या सभागृहात प्रस्ताव मंजूर होऊन त्या एका विधेयकापुरत्या नेमल्या जातात. त्या विधेयक खंडाखंडाने, म्हणजे कलमाकलमाने, तपासतात आणि मजकुरात दुरुस्ती करून सुधारित विधेयक सभागृहाला परत देतात. म्हणून त्यांच्याकडे पाठवलेल्या निवेदनात नेमकी शब्दरचना सुचवली असेल, तर ती जशीच्या तशी विधेयकात उतरू शकते. कर, सरकारी कर्ज, संचित निधी (सरकारचा मुख्य खजिना) अशा धनविधेयकाच्या विषयांवरील विधेयक संयुक्त समितीकडे पाठवता येत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेले प्राप्तिकर विधेयक गेले ते लोकसभेच्या ३१ सदस्यांच्या प्रवर समितीकडे.

पत्त्याची चूक सर्वांत जास्त होते ती स्थायी समित्यांच्या बाबतीत. २४ पैकी १६ समित्यांचे काम लोकसभा सचिवालय पाहते आणि आठांचे राज्यसभा सचिवालय. या आठ समित्या अशा: गृह; आरोग्य व कुटुंबकल्याण; शिक्षण, महिला, बालक, युवक व क्रीडा; वाणिज्य; उद्योग; परिवहन, पर्यटन व संस्कृती; विज्ञान-तंत्रज्ञान, पर्यावरण, वने व हवामान बदल; आणि कार्मिक, सार्वजनिक तक्रारी, विधी व न्याय. विधेयक कुठल्या सभागृहात मांडले यावरून सचिवालय ठरत नाही. डिसेंबर २०२१ चे बालविवाह प्रतिबंध दुरुस्ती विधेयक मांडले गेले लोकसभेत, पण गेले शिक्षण-महिला समितीकडे, म्हणजे पत्ता राज्यसभा सचिवालयाचा. तिथे पाठवायचा कागद लोकसभा सचिवालयात पोहोचला, तर तो फिरत फिरत योग्य टेबलावर येईपर्यंत मुदत संपते.

कोण पाठवू शकतो

जाहिरातीत सर्वसाधारणपणे नागरिक, स्वयंसेवी संस्था, तज्ज्ञ, संबंधित घटक आणि संस्था अशा सर्वांकडून सूचना मागवलेल्या असतात. शिक्षणाची अट नसते. विषयातली पदवी असली तर तसा उल्लेख करावा. नसली तरी आपला या कायद्याशी रोजचा संबंध काय, हे दोन ओळींत लिहावे. औषध दुकान चालवणारा माणूस औषधविषयक विधेयकावर जे सांगू शकतो ते कायद्याच्या प्राध्यापकाला ठाऊक असेलच असे नाही, आणि समितीला दोन्ही हवे असते.

विधेयकाची अधिकृत प्रत

बातमीवरून किंवा व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफवरून निवेदन लिहू नका. मांडलेले विधेयक संसदेच्या संकेतस्थळावर, संसद डॉट इनवर, विधेयकांच्या यादीत मिळते. शिवाय ते भारताच्या असाधारण राजपत्रात भाग २, अनुभाग २ मध्ये छापले जाते. प्रतीवरचा विधेयक क्रमांक आणि वर्ष टिपून घ्या. मंत्रालयाने आधी सूचना मागवण्यासाठी प्रसिद्ध केलेला मसुदा ही वेगळी गोष्ट असते. २०१४ च्या पूर्वविधान सल्लामसलत धोरणानुसार असा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे. मसुदा आणि मांडलेले विधेयक यांत खंडांचे क्रमांक पुष्कळदा बदललेले असतात. जुन्या मसुद्यावरचे निवेदन समितीला निरुपयोगी.

वाचताना मुख्य मजकुराबरोबर शेवटची पानेही वाचा. उद्देश व कारणांचे निवेदन, खंडांवरील टिपा, वित्तीय ज्ञापन, आणि नियम करण्याचे अधिकार सरकारकडे सोपवण्याबाबतचे ज्ञापन तिथे असते. हे शेवटचे ज्ञापन बहुतेक लोक उलटून टाकतात. कुठल्या गोष्टी कायद्यात न लिहिता नंतर सरकारी नियमांवर सोडल्या आहेत, ते तिथे एका जागी वाचायला मिळते, आणि खऱ्या हरकती अनेकदा तिथेच सापडतात. दुरुस्ती विधेयक असेल तर परिशिष्टात मूळ कायद्याची संबंधित कलमेही दिलेली असतात; ती समोर ठेवल्याशिवाय 'अमुक शब्दांऐवजी तमुक शब्द' या वाक्याचा अर्थ लागत नाही.

जाहिरात आणि मुदत

समिती वृत्तपत्रांत जाहिरात देते, संकेतस्थळावरही टाकते. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस वक्फ दुरुस्ती विधेयकावरच्या संयुक्त समितीने दिलेली जाहिरात नमुना म्हणून पाहता येईल: पंधरा दिवसांची मुदत, इंग्रजी किंवा हिंदीत दोन प्रती, लोकसभा सचिवालयाच्या सहसचिवांच्या नावे संसद भवन परिशिष्ट इमारतीचा पत्ता, आणि सोबत एक ई-मेल. मुदत जाहिरात प्रसिद्ध झाल्यापासून मोजायची, विधेयक मांडल्याच्या तारखेपासून नव्हे. समिती कधी कधी मुदत वाढवते, पण त्या भरवशावर राहू नका. शेवटच्या दिवशी स्पीड पोस्ट केले तर ते दिल्लीत पोहोचणार मुदत उलटल्यावर. म्हणून ई-मेल आधी पाठवा, छापील प्रती मागून, आणि छापील प्रतीच्या पहिल्या पानावर ई-मेल पाठवल्याची तारीख लिहा.

मराठीत लिहिलेल्या निवेदनाचे काय? जाहिरातीत हिंदी किंवा इंग्रजी म्हटले असेल, तर भाषांतर करूनच पाठवा. मूळ मराठी प्रत मागे जोडायला हरकत नाही, पण वाचली जाईल ती भाषांतरित प्रत. हिंदी मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फाँटमध्ये केलेली वर्ड फाइल समोरच्या संगणकावर तो फाँट नसेल तर अक्षरांचा चिवडा होऊन उघडते.

निवेदन कसे लिहायचे

ठरावीक फॉर्म नसतो. समितीचे सचिवालय आलेली निवेदने खंडवार लावते, त्यावर मंत्रालयाचे म्हणणे मागवते आणि ते सदस्यांपुढे ठेवते, हे डोळ्यांपुढे ठेवून लिहा. 'हा कायदा अन्यायकारक आहे, तो मागे घ्यावा' असे चार पानी पत्र कुठल्या खंडासमोर लावायचे? विधेयकात कलमाला खंड म्हणतात, कायदा झाला की तोच कलम होतो. प्रत्येक मुद्द्याच्या डोक्यावर खंडाचा आणि उपखंडाचा क्रमांक हवाच, आणि त्याखाली चार गोष्टी याच क्रमाने: सध्याचा मजकूर, हरकत, सुचवलेला मजकूर, कारण.

उदाहरणादाखल एक कल्पित खंड घेऊ.

खंड १४, उपखंड (२). सध्याचा मजकूर: 'नोटिशीच्या दिनांकापासून सात दिवसांच्या आत उत्तर द्यावे.' सुचवलेला मजकूर: 'नोटीस मिळाल्याच्या दिनांकापासून तीस दिवसांच्या आत उत्तर द्यावे.' हरकत: सात दिवस अपुरे आहेत, आणि ते नोटिशीवरच्या दिनांकापासून मोजले जातात. कारण: नोटीस टपालाने येते, दिनांक नोटिशीवरचा धरला तर ती हाती पडेपर्यंतच मुदतीतले काही दिवस गेलेले असतात, आणि उरलेल्या दिवसांत जुने दस्त काढून उत्तर देणे शक्य होत नाही.

इथे बदल दोन आहेत. दिवसांची संख्या तर बदललीच, पण दिवस कधीपासून मोजायचे तेही बदलले, आणि दुसरा बदल पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. असा नेमकेपणा असला की मंत्रालयाला त्या मुद्द्यावर हो किंवा नाही असे उत्तर द्यावे लागते.

एवढ्याने फरक पडतो का, तर पडतो. २०१९ च्या सरोगसी विधेयकात सरोगेट माता जवळची नातेवाईकच हवी अशी अट होती. राज्यसभेच्या प्रवर समितीने फेब्रुवारी २०२० च्या अहवालात त्याऐवजी 'इच्छुक स्त्री' असा बदल सुचवला, आणि २०२१ च्या कायद्यात तेच शब्द आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मांडलेल्या प्राप्तिकर विधेयकात रिफंड हवा असेल तर विवरणपत्र मुदतीतच भरले पाहिजे अशी अट होती. ती काढावी असे प्रवर समितीने जुलै २०२५ मध्ये सांगितले, आणि ऑगस्टमध्ये नव्याने मांडलेल्या विधेयकात ती अट नव्हती.

चार ते सहा पाने पुरेत. मुद्दे जास्त असतील तर पहिल्या पानावर खंड क्रमांक आणि एकेका ओळीत मागणी असा तक्ता द्या. सगळ्या खंडांवर बोलण्याची गरज नाही. ज्या दोन-तीन खंडांवर तुमच्याकडे ठोस सांगण्यासारखे आहे तेवढेच धरा. एकच मजकूर हजारो जणांनी पाठवल्याने वजन वाढते हा समज सोडून द्या. वक्फ विधेयकावर सुमारे ९७ लाख निवेदने आली होती. इतक्या ढिगात वेगळे उठून दिसते ते नव्या माहितीचे पान.

कागदपत्रे

जाहिरातीत वेगळे सांगितले नसेल तर व्यक्तीने पाठवायचे ते एवढेच: सहीचे पत्र, ज्यात पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, फोन आणि ई-मेल असेल, निवेदनाच्या दोन प्रती, आणि आधाराला जोडलेले कागद, म्हणजे आकडेवारी, न्यायालयीन निकाल, सरकारी परिपत्रके. जोडपत्रांना क्रमांक द्या आणि मजकुरात तोच क्रमांक लिहा. आधार कार्डाची झेरॉक्स मागितलेली नसताना जोडू नका. हे कागद अनेक हातांतून जातात. प्रतिज्ञापत्राची गरज नसते.

संस्थेने लेटरहेडवर लिहावे. नोंदणी क्रमांक नमूद करावा आणि सही करणाऱ्याला तसा अधिकार देणारा ठराव जोडावा. त्याची सक्ती नसते, पण पुढे साक्षीला बोलावणे आले तर संस्थेच्या वतीने कोण बोलणार हा प्रश्न आधीच मिटलेला असतो.

समितीपुढे प्रत्यक्ष म्हणणे मांडायचे असेल तर निवेदनात तसे स्पष्ट लिहावे लागते. न लिहिल्यास तुमची तशी इच्छा नाही असे धरले जाते, आणि लिहिले तरी बोलावायचे की नाही हे समिती ठरवते. बोलावणे बहुधा थोड्या दिवसांच्या अवधीने येते. मूळ ओळखपत्र सोबत ठेवा, कारण पासशिवाय इमारतीत प्रवेश नाही. समितीपुढे झालेले बोलणे शब्दशः नोंदवले जाते आणि तुमच्या साक्षीचा भाग तपासण्यासाठी पाठवला जातो. तो वेळेत परत करा. समित्या दौरेही करतात. वक्फ समितीने सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबईत बैठक घेतली होती, त्यामुळे दिल्ली गाठणे जमत नसेल तर दौऱ्यांच्या बातम्यांवर लक्ष असू द्या.

गोपनीयता

पाठवलेले निवेदन समितीच्या दप्तराचा भाग होते आणि गोपनीय मानले जाते. समितीपुढचा पुरावा, लेखी असो वा तोंडी, सभागृहाच्या पटलावर ठेवला जाण्याआधी प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. तसे केले तर संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग झाला असा प्रश्न येऊ शकतो. निवेदनाची पीडीएफ अभिमानाने फेसबुकवर टाकणारे पुष्कळ असतात. विधेयकावर लेख लिहायला, भाषण करायला कोणाचीच आडकाठी नाही. फक्त समितीला दिलेला कागद 'समितीला दिलेले निवेदन' म्हणून फिरवू नका.

समितीच नसेल तर

दोन वाटा उरतात. पहिली, आपल्या खासदाराकडे दुरुस्तीचा तयार मजकूर देणे. लोकसभेत दुरुस्तीची सूचना विधेयक विचारार्थ येण्याच्या किमान एक दिवस आधी द्यावी लागते, म्हणून कागद खासदारांच्या कार्यालयात त्याच्याही आधी पोहोचला पाहिजे.

दुसरी वाट याचिकेची. लोकसभेत मांडलेल्या विधेयकावर सभागृहाला उद्देशून याचिका देता येते आणि ती खासदारामार्फत सादर करायची झाल्यास त्यावर त्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. याचिका मराठीत लिहिता येते, पण हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर जोडून त्यावरही याचिकाकर्त्याची सही लागते. अनेकांची याचिका असेल तर किमान एक सही, किंवा लिहिता येत नसल्यास अंगठा, मुख्य मजकुराच्याच कागदावर हवा. सह्यांचे कागद अधिक असतील तर प्रत्येकाच्या वर याचिकेतील मागणी पुन्हा लिहायची. निवेदनाच्या उलट इथे पत्रे, प्रतिज्ञापत्रे किंवा इतर कागद जोडायला बंदी आहे.

पाठवल्यानंतर

स्पीड पोस्टची पावती आणि पाठवलेला ई-मेल जपून ठेवा. अहवालाला मुदत असते, पण ती वाढत जाते. अनेक महिने काहीच हालचाल दिसली नाही म्हणून निवेदन हरवले असे समजू नका. अहवाल सादर झाला की तो संसदेच्या संकेतस्थळावर येतो. त्यात आपल्या खंडावरची चर्चा, मंत्रालयाचे उत्तर आणि शेवटी जोडलेल्या सदस्यांच्या भिन्नमतपत्रिका वाचा. मागणी फेटाळली गेली असली तरी मंत्रालयाने दिलेले कारण तिथे छापील मिळते, आणि खासदाराकडे दुरुस्ती मागताना ते कामी येते.

लोकसभा विसर्जित झाली तर तिथे प्रलंबित असलेली विधेयके व्यपगत होतात, म्हणजे आपोआप संपतात. वर सांगितलेले बालविवाहाचे विधेयक २०२४ मध्ये असेच संपले. तोच विषय नव्या विधेयकातून परत आला तर जुने निवेदन आपोआप पुढे सरकत नाही. नवीन विधेयकाचे खंड क्रमांक घालून ते पुन्हा पाठवावे लागते, म्हणून निवेदनाची संपादन करता येईल अशी फाइल जपून ठेवा.