शिडी घसरते ती वर गेल्यावरच

आमच्या गोडाऊनमधली एक ट्यूब गेली की कोणीतरी म्हणतंच, दोन मिनिटांचं काम आहे, आण रे ती शिडी. मग शिडी येते, भिंतीला लागते, एकजण खालून धरून गदागदा हलवून बघतो, "घट्ट आहे, चढ." मी पण वर्षानुवर्षं असंच करायचो, आणि एकदा सातव्या पायरीवरून शिडीसकट खाली आल्यावर (नशीब, खाली गोणपाटाचा ढीग होता) मला पहिल्यांदा प्रश्न पडला की खाली एवढी घट्ट वाटणारी शिडी वर गेल्यावरच का घसरली?

उत्तर शाळा-कॉलेजच्या फिजिक्समधलंच आहे, फक्त तेव्हा ते मार्कांसाठी होतं. टेकवलेल्या शिडीवर तुम्ही उभे राहिलात की तुमचं वजन तिला खाली दाबतं, पण त्याचबरोबर शिडीचा वरचा टोक भिंतीला ढकलतो, भिंत उलट ढकलते, आणि तो सगळा आडवा जोर शेवटी शिडीच्या पायांवर येतो. पाय मागे सरकायला बघतात आणि त्यांना धरून ठेवणारं एकच असतं, फरशी आणि पायातल्या रबराचं घर्षण. आता गंमत अशी की तुमचं वजन कुठेही उभे असलात तरी तेवढंच, त्यामुळे पकड साधारण तेवढीच राहते, पण आडवा जोर मात्र तुम्ही जसजसे वर जाता तसतसा वाढत जातो.

आकडे घेऊ. माणूस ७० किलोचा, शिडी दहा पायऱ्यांची, जमिनीशी ६० अंशात लावलेली, म्हणजे आपण सवयीने लावतो तशी जरा पसरट. शिडीचं स्वतःचं वजन सोडून द्या आणि भिंत गुळगुळीत धरा. तिसऱ्या पायरीवर पायांना साधारण १२ किलोचा आडवा जोर लागतो, पाचवीवर २०, आणि अगदी वर ४० किलो. समजा धूळ बसलेल्या फरशीवर पकड २८ किलोची आहे, तर सहाव्या पायरीपर्यंत काहीही होणार नाही, शिडी करकरणारसुद्धा नाही, आणि सातवीवर पाय ठेवलात की गेलात. म्हणजे खाली उभं राहून हलवून बघण्याला जवळपास काहीच अर्थ नाही, कारण जो जोर तिला पाडणार आहे तो अजून तयारच झालेला नसतो.

आता तीच शिडी उभट लावा, चार हात उंचीला एक हात बाहेर, म्हणजे साधारण ७५ अंश. मग अगदी वर गेलात तरी आडवा जोर १७-१८ किलोच, पकड तीच २८, विषय संपला. जगभर शिडीला हा चारास एकचा नियम सांगतात तो एवढ्यासाठीच. मोजायला टेप नसेल तर शिडीच्या पायांना बुटाची टोकं लावून ताठ उभं राहायचं, हात समोर सरळ करायचे, तळवे शिडीवर आरामात टेकले तर कोन बरोबर. याहून उभी लावायचीही हौस नको, मग माणूस मागच्या मागे जातो.

खालून शिडी धरणाऱ्याचा उपयोग किती, यावर आमच्याकडे नेहमी वाद. पकडीला न पेललेला जोर नुसत्या हाताने धरून अडवणं कठीणच, त्यात तो अर्धा वेळ मोबाईल बघत असतो. पण तोच माणूस सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहिला तर त्याचं वजन पकड जवळजवळ दुप्पट करतं आणि आडव्या जोरात भर अगदी थोडी घालतो. तरी वरचं टोक दोरीने बांधता येत असेल तर बांधलेलंच बरं. आणि वर गेल्यावर लांबचा होल्डर गाठायला वाकायचं नाही, बेंबी दोन्ही दांड्यांच्या आत राहिली पाहिजे, ती बाहेर गेली की वजनाचा मध्यही तिच्या मागोमाग बाहेर जातो. उतरून शिडी सरकवायला कंटाळा येतो, मान्य.

दोन मीटर म्हणजे काही उंची नाही असं वाटतं ना? तिथून खाली यायला सेकंदाचे दोन तृतीयांशही लागत नाहीत आणि आपटताना वेग असतो ताशी २२ किलोमीटरच्या वर. पायावर पडलात, गुडघे वाकले, तर शरीर हातभर अंतरात थांबतं. डोकं फरशीवर आपटलं तर एखाद्या सेंटिमीटरात थांबतं, आणि तोच वेग तेवढ्याशा अंतरात मारायचा तर डोक्याला त्याच्या वजनाच्या दोनशेपट जोर सोसावा लागतो.

आता विजेचं. नुसतं बटण बंद करून भागत नाही, कारण वायरिंग उलटं झालं असेल तर बटण न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) तोडतं आणि होल्डरमध्ये फेज (करंट आणणारी तार) तसाच जिवंत राहतो. म्हणून एमसीबीच (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डावरचा खटका) पाडायचा, त्यावर "वर माणूस आहे" अशी चिठ्ठी चिकटवायची (आमच्याकडे एकाने चहा करायला लाईट नाही म्हणून परत चालू केला होता), आणि टेस्टर आधी चालू पॉइंटवर, मग होल्डरवर, मग परत चालू पॉइंटवर लावून बघायचा, नाहीतर टेस्टरच मेलेला असायचा. एमसीबी आहेच की वाचवायला, असं म्हणणारे खूप भेटतात. १० अँपिअरचा एमसीबी म्हणजे १०,००० मिलिअँपिअर, आणि हाताचे स्नायू आवळून धरायला १०-१५ मिलिअँपिअर पुरतात. त्याला तुमचा शॉक दिसतच नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (अंगातून जमिनीत जाणारा करंट ओळखून वीज तोडणारा खटका) तेवढा मोठा शॉक पकडतो खरा, पण झटका बसायचा तो बसतोच, आणि जमिनीवर ज्या झटक्याला आपण शिवी देऊन हात झटकतो तोच शिडीवर हात सोडवतो. ॲल्युमिनियमची शिडी तर या कामाला आणूच नये, फायबरची किंवा कोरडी लाकडी बरी.

बाकी तयारी म्हणजे नवी ट्यूब आधी खाली लावून बघणं, स्क्रू ड्रायव्हर खिशात न ठेवता कमरेच्या पिशवीत ठेवणं, म्हणजे दोन्ही हात चढायला मोकळे. परवा हे सगळं केलं, कोन मोजला, चिठ्ठी लावली, वर जाऊन आलो, आणि उतरताना शेवटची पायरी झाली असं समजून पाय टाकला तर अजून एक शिल्लक होती. घोटा मुरगळला. ट्यूब मात्र झकास लागली.