सॉल्झबरी

इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील कॅथीड्रलचे (बिशपच्या मुख्य चर्चचे) शहर. लंडनच्या नैर्ऋत्येस सु. १३५ किमी. अंतरावर एव्हन नदीकाठी वसले आहे. नॅडर, बोर्न इ. नद्या परिसरातच एव्हनला मिळतात. शहराचे अधिकृत नाव २००९ पर्यंत ‘न्यू सेरम’ असे होते. लॅटिन दस्तऐवजांतील स्थलनामाचे संक्षिप्त रूप चुकीचे वाचले गेल्याने ‘सेरम’ हा शब्द रूढ झाला असावा, असे सामान्यतः मानतात.

मूळ वस्ती उत्तरेकडील ओल्ड सेरम या टेकडीवर होती. तेथील कॅथीड्रल १०९२ मध्ये प्रतिष्ठित झाले. पुढे ते सध्याच्या जागी हलविण्यात आले. स्थलांतराची कारणे म्हणून पाण्याची टंचाई, सोसाट्याचा वारा व किल्ल्यातील शिबंदीशी होणारे खटके सांगतात. त्यांपैकी शेवटचे कारण अधिक वजनदार वाटते. बाणाने विद्ध झालेले हरिण जेथे पडले तेथे चर्च उभारले, ही आख्यायिका होय. ओस पडूनही ओल्ड सेरम १८३२ पर्यंत संसदेत प्रतिनिधी पाठवीत असे. गोवळकोंड्याच्या खाणीतील प्रसिद्ध हिरा मिळविणारा मद्रासचा गव्हर्नर टॉमस पिट याने ही जागा १६९१ च्या सुमारास विकत घेतली होती.

नव्या कॅथीड्रलची पायाभरणी बिशप रिचर्ड पूअर याच्या कारकीर्दीत १२२० मध्ये झाली आणि १२५८ मध्ये वास्तू प्रतिष्ठित झाली. मुख्य भाग एका पिढीत पुरा झाल्याने शैलीची एकसंधता येथे आढळते, ती इतर इंग्रज कॅथीड्रलांत विरळा. १२३ मी. उंचीचे, ब्रिटनमधील सर्वांत उंच शिखर मात्र बहुधा चौदाव्या शतकाच्या आरंभीचे. मनोरा व शिखर यांचा भार सु. ६,५०० टन भरतो आणि पाया जेमतेम सव्वा मीटर खोल आहे. खांब वाकल्याचे साध्या डोळ्यांनीही दिसते. १६६८ मध्ये वास्तुशिल्पज्ञ क्रिस्टोफर रेन याने केलेल्या पाहणीत शिखर सु. ७५ सेंमी. कलल्याचे आढळले. मार्गदर्शकासोबत ३३२ पायऱ्या चढून शिखराच्या तळापर्यंत जाता येते.

कॅथीड्रलमधील लोखंडी घड्याळाचा काळ वादग्रस्त आहे. त्याला तबकडी नाही. ते केवळ तासाचे टोले देते. १३८६ च्या एका दस्तऐवजात घड्याळाच्या रखवालदाराची सोय केल्याचा उल्लेख आहे. त्यावरून चालू स्थितीतील जगातले हे सर्वांत जुने यांत्रिक घड्याळ, असा दावा केला जातो. राल्फ अर्गम हा बिशप १३८८ मध्ये येथून वेल्स (Wells) या इंग्रज शहरी गेला आणि तेथील घड्याळाची रचना याच्याशी मिळतीजुळती आहे, हा समर्थकांचा दुसरा मुद्दा. उलट पक्षाचे म्हणणे असे की, दस्तऐवजातील घड्याळ ते हेच, हे त्यातून ठरत नाही आणि कारागिरी त्या काळाच्या मानाने फार प्रगत आहे. यंत्र लंबकावर चालेल असे नंतर बदलण्यात आले. १९२९ च्या सुमारास ते मनोऱ्यात अडगळीत सापडले. १९५६ च्या दुरुस्तीत लंबक काढून हेलकावणारी आडवी दांडी (फोलिऑट) बसविली. म्हणजे गती राखणारा भाग आजचा आणि अनुमानाने घडविलेला आहे. दंतचक्रे व चौकट यांतील बराच भाग जुना असल्याचे मान्य करूनही, १३८६ हे साल ‘संभाव्य’ म्हणणेच सुरक्षित ठरेल.

ओवऱ्यांना लागून असलेल्या धर्मसभागृहात १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या (राजसत्तेवर मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या) उपलब्ध चार मूळ प्रतींपैकी एक ठेवलेली आहे. कॅथीड्रलभोवतीच्या प्रशस्त, तटबंद आवारात माँपेसन हाउस व शहराचे वस्तुसंग्रहालय आहे. मध्ययुगीन चौकोनी आखणीचे रस्ते, पोल्ट्री क्रॉस हा बाजारातील मंडप आणि सेंट टॉमस चर्चमधील अंतिम न्यायाचे भित्तिचित्र ही इतर प्रेक्षणीय स्थळे होत. मंगळवारी व शनिवारी बाजार भरतो. स्टोनहेंज हे प्रागैतिहासिक शिलावर्तुळ येथून सु. १३ किमी. उत्तरेस आहे.