कसोटीचा धावफलक आणि दिवसभराच्या बातम्या : सोलापुरातून पाहिलेली पार्श्वभूमी

न्यूझीलंडविरुद्धची हैदराबाद कसोटी १९ नोव्हेंबर १९५५ रोजी सुरू झाली. सोलापुरात जन्मलेल्या एका फलंदाजाने तीत २२३ धावा काढल्या आणि कसोटीतील भारताचे पहिले द्विशतक नोंदवले. सामना संपायचा होता तोच, २१ नोव्हेंबरला, मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळ संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी जमलेल्यांवर गोळीबार होऊन १५ जणांचे प्राण गेले. भाषावार प्रांतरचनेत आपला जिल्हा कोणाच्या वाट्याला जाणार, या चिंतेत असलेल्या सोलापूरकराने त्या आठवड्यातली कोणती बातमी आधी वाचली असेल, हे सांगण्याची गरज नाही; पण दोन्ही बातम्या त्याच्या हाती एकाच कागदातून आल्या. बातमी आणि धावफलक एकाच दाराने घरात येण्याची ही रीत पुढे जवळजवळ चार दशके टिकली.

या रीतीचे पूर्ण रूप १९८० च्या दशकात दिसले. आकाशवाणीवरचे समालोचन आलटून पालटून हिंदी आणि इंग्रजीत चाले, बातमीपत्राची वेळ झाली की ते थांबे, आणि बातम्या संपेपर्यंत कोणी बाद झाला की नाही हे कळत नसे. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात रेडिओ ऐकू येत नसल्यामुळे धावसंख्या चहाच्या टपरीवरून कारखान्यात पोहोचे, आणि ती आणणारा मधल्या बातमीपत्रातले जे काही ऐकले असेल तेही सोबत आणत असे. हा व्यत्यय अनेकांना खटके. प्रस्तुत लेखकाच्या मते मात्र त्याच व्यत्ययामुळे क्रिकेटपुरता रेडिओ लावणाऱ्याच्या कानावर देशाचा कारभार पडत असे.

जानेवारी १९८८ ची मद्रास कसोटी याचे चांगले उदाहरण आहे. ११ ते १५ जानेवारीच्या त्या सामन्यात पहिलीच कसोटी खेळणाऱ्या लेगस्पिनरने वेस्ट इंडिजचे १६ बळी १३६ धावांत घेतले आणि भारत २५५ धावांनी जिंकला. तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांचे २४ डिसेंबरला निधन झाले होते, सत्ताधारी पक्षात उभी फूट पडली होती, आणि महिनाअखेर तेथे राष्ट्रपती राजवट लागू झाली. त्यामुळे क्रीडा पानावरच्या आणि पहिल्या पानावरच्या बातमीच्या आरंभी ‘मद्रास’ हेच स्थळनाम येत होते. सोलापुरात ते संक्रांतीचे आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचे दिवस होते.

मार्च २००१ पर्यंत केबलवर चोवीस तास बातम्या देणाऱ्या वाहिन्या आल्या होत्या. कोलकात्यात फॉलोऑन मिळालेल्या भारताची पाचवी जोडी १४ मार्चचा संपूर्ण दिवस खेळून काढत असताना, आदल्या दिवशी जाहीर झालेल्या संरक्षण खरेदीतील लाचखोरीच्या चित्रफितींनी सरकार हादरले होते. १५ मार्चला भारताने १७१ धावांनी विजय मिळवला आणि त्याच दिवशी संरक्षणमंत्र्यांनी राजीनामा दिला. प्रेक्षकाला आता रिमोटने एक सोडून दुसरे पाहता येत होते. बातम्यांसाठी खेळ थांबण्याचे दिवस संपले होते.

कायद्याच्या बाजूने या फारकतीची सुरुवात आधीच झाली होती. १९९३ च्या एका एकदिवसीय स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी प्रक्षेपण लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. प्रक्षेपणावरील सरकारची मक्तेदारी त्याने मोडली, आणि सामन्यांचे हक्क पुढे खासगी वाहिन्यांकडे जाऊ लागले. पैसे भरून घेतलेल्या वाहिन्या ज्यांच्या घरी नाहीत, त्यांचे काय, या प्रश्नावर २००७ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण हक्कधारकाने सरकारी प्रसारकाला द्यावे आणि जाहिरातींच्या उत्पन्नात दूरचित्रवाणीसाठी किमान ७५ टक्के, तर रेडिओसाठी ५० टक्के वाटा हक्कधारकाला मिळावा, अशी ही व्यवस्था होती.

राष्ट्रीय महत्त्वाचे सामने कोणते, ते अधिसूचनेने ठरवले. भारतीय पुरुष संघाचे सर्व अधिकृत एकदिवसीय आणि ट्वेंटी-२० सामने त्यात सरसकट आले. कसोटींपैकी मात्र केंद्र सरकारला ज्या ‘हाय पब्लिक इंटरेस्ट’च्या वाटतील तेवढ्याच घेण्यात आल्या. या शब्दप्रयोगाचा गुंता मराठीत आणताना स्पष्ट होतो. ‘पब्लिक इंटरेस्ट’ म्हणजे लोकहित, की लोकांना असलेले औत्सुक्य? लोकहित म्हटले तर कसोटीला वगळण्याचे कारण सापडत नाही, कारण लोकहित सामन्यागणिक बदलत नाही. औत्सुक्य म्हटले तर ते मोजण्याचा अधिकार सरकारकडे का असावा, याचे उत्तर मिळत नाही. कोलकात्याच्या तिसऱ्या दिवशी, भारत हरणार असे दिसत असताना, ते मोजले असते तर किती भरले असते? पाच दिवस रोज सहा तास वाहिनी अडवली तर शेतीविषयक आणि इतर नेहमीचे कार्यक्रम मागे पडतील, ही दुसरी बाजू खरी आहे. तरीही तासातासाने बातम्यांना जागा करून देणारा एकमेव खेळप्रकार सरकारच्या मर्जीवर ठेवला गेला, ही बाब त्या चर्चेत पुरेशी आली नाही.

२२ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आणखी मर्यादा घातली. असे प्रक्षेपण सरकारी प्रसारकाला स्वतःच्या मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या मोफत डीटीएच सेवेवरूनच दाखवता येईल, केबलवरून नाही, असे ठरले. पेठांमधील केबल घेतलेल्या घरांसाठी ते दार त्यामुळे बंद झाले.

नंतर मोबाइल आला आणि दोन्ही गोष्टी पुन्हा एका पडद्यावर आल्या. १५ जानेवारी २०२१ रोजी ब्रिस्बेनची कसोटी भारतीय वेळेनुसार पहाटे साडेपाचला सुरू झाली, त्याच दिवशी राज्यात ग्रामपंचायतींचे मतदान होते. दुसऱ्या दिवशी देशात करोना लसीकरण सुरू झाले. १८ जानेवारीला, चौथ्या दिवसाच्या खेळासोबतच, तालुक्यातालुक्यांत मतमोजणी झाली, आणि १९ तारखेला भारताने ३२८ धावांचे लक्ष्य तीन गडी राखून गाठले, तेव्हा गावोगावच्या निकालांचे संदेश त्याच फोनवर अजून येत होते.