‘प्रोड्युसर’ कोण? स्वतंत्र गाण्यांतल्या श्रेयवादाची पार्श्वभूमी

स्वतंत्र मराठी गाण्यांत श्रेयावरून होणारी भांडणं बरेचदा एकाच शब्दापाशी येऊन अडतात. तो शब्द म्हणजे प्रोड्युसर. गाणं स्ट्रीमिंगवर टाकायला घेतलं की वितरकाच्या, म्हणजे गाणं अॅपपर्यंत पोचवणाऱ्या कंपनीच्या, फॉर्मवर गीतकार, संगीतकार, प्रोड्युसर असे रकाने येतात. पहिले दोन पटकन भरले जातात. तिसऱ्यात लॅपटॉपवर बीट, म्हणजे गाण्यामागचा ताल-वाद्यांचा साचा, बांधणारा आपलं नाव घालायला जातो, आणि ज्याने स्टुडिओचं भाडं भरलं तो म्हणतो, प्रोड्युसर तर मी आहे. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नसतं.

जुन्या काळी श्रेयाची सोय गाण्यातच असे. शाहीर शेवटच्या कडव्यात नाममुद्रा घालून मोकळा व्हायचा. मागे झील धरणारे आणि ढोलकीवाला त्या ओळीत कधी आले नाहीत. संगीत नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या डोक्यावर चाल कुठल्या गाण्याची ते सरळ लिहिलेलं असायचं, उसनवारी लपवायची पद्धत नव्हती. पुढे भावगीताने कवी, संगीतकार, गायक अशी तिघांची वाटणी पक्की केली. त्याबद्दल वेगळं सांगायला नको.

त्या वाटणीत चौथा माणूस बसला नाही, तो अरेंजर. १९४० नंतरच्या दोन-तीन दशकांत मुंबईच्या फिल्मी स्टुडिओंत हे काम मोठ्या प्रमाणात गोव्याहून आलेल्या वादकांनी केलं. चर्चच्या शाळांत लहानपणीच नोटेशन शिकलेली ही मंडळी. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. ती कागदावर उतरवणं, व्हायोलिनचे पट्टे लिहिणं, मुखडा आणि अंतरा यांच्यामधला तुकडा बांधणं ही कामं यांची. पडद्यावर नाव आलंच तर ‘सहायक’ म्हणून. यात एक विचित्र योगायोग आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगीतकृतीची व्याख्या छापलेली, लिहिलेली किंवा चिन्हांत उतरवलेली स्वररचना अशी होती. म्हणजे कायदा ज्या कागदाला संगीत मानत होता, तो बरेचदा या सहायकाच्या हस्ताक्षरात होता. १९९४ मध्ये व्याख्या बदलली आणि नोटेशनची अट गेली, तोवर ती पिढी बहुतेक थकली होती.

१९७७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल या सगळ्यात मधे येतो. चित्रपटासाठी पैसे देऊन करून घेतलेल्या गाण्याचा पहिला मालक निर्माता, वेगळा करार नसेल तर गीतकार-संगीतकारांकडे काही उरत नाही, असा त्याचा अर्थ. याच निकालाच्या शेवटी एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र टिपण जोडलं. गाणं मोलाचं होतं ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यामुळे, आणि तेव्हाच्या आपल्या कायद्यात त्यालाच हक्क नव्हता, याबद्दलची खंत त्यात आहे. निकाल सगळे सांगतात, टिपण फार थोडे वाचतात.

नव्वदच्या दशकातल्या इंडिपॉपला आपण सर्रास ‘स्वतंत्र’ म्हणतो, पण ते स्वातंत्र्य चित्रपटापासूनचं होतं. कंपन्या मोठ्याच होत्या आणि करारही त्यांचेच. घरातल्या खोलीत गाणं पूर्ण करणं पुढच्या दशकात जमू लागलं, आणि २०१६ च्या सप्टेंबरनंतर डेटा स्वस्त झाल्यावर ते ऐकणारेही मिळाले. याच काळात अरेंजर हा शब्द मागे पडला, प्रोड्युसर आला, आणि गुंता सुरू झाला.

कारण कायद्यात प्रोड्युसर आधीपासून बसलेला आहे आणि तो दुसराच कुणी आहे. ध्वनिमुद्रण करण्यात पुढाकार आणि जबाबदारी ज्याची, तो प्रोड्युसर, आणि कायद्याच्या नजरेत ध्वनिमुद्रणाचा कर्ताही तोच. व्यवहारात हा माणूस म्हणजे पैसे घालणारा किंवा लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी. बीट बांधणाऱ्याला लॉस एंजेलिस-लंडनकडच्या वापरातून तेच नाव चिकटलं, हक्क मात्र नावाबरोबर आला नाही.

त्याचं काम प्रत्यक्ष पाहिलं की हा प्रश्न शब्दांचा खेळ वाटत नाही. आठ बारचा, म्हणजे आठ आवर्तनांचा, लूप पुन्हा पुन्हा वाजतोय. गायिका ‘ना ना रे’ अशा डमी बोलांवर हुक, म्हणजे कानात बसणारी ओळ, शोधतेय. बेस एक स्वर खाली येतो आणि ती नकळत तिथेच वळते. ते वळण हेच पुढे मुखडा होतं. शब्द दुसऱ्या दिवशी, मात्रा मोजून त्या डमीवर बसवले जातात. आता चाल कुणाची? फॉर्मवर ती गायिकेची. तिथे बेस नसता तर ती तिकडे वळलीच नसती, असं बीटवाला म्हणतो, आणि माझ्या मते त्याचं म्हणणं बरोबर आहे. मूळ रचनेची ‘मांडणी’ कायद्यात रूपांतर म्हणून येते. पण इथे मांडणी आधी आणि चाल नंतर झालीय, आणि हा उलटा क्रम कुणी गृहीत धरलेला नाही.

यावर तोडगा म्हणून स्प्लिट शीट आलं. कुणाचे किती टक्के ते लिहायचं आणि सह्या करायच्या. पद्धत चांगली आहे, पण ती जिथून आली त्या अमेरिकेत शब्दांसकट गाणं ही एकच संगीतकृती धरतात, त्यामुळे शंभरातून वाटे पाडता येतात. आपल्याकडे शब्द ही वाङ्मयकृती आणि चाल ही संगीतकृती, दोन्ही वेगळ्या. संयुक्त कर्तृत्व तिथेच, जिथे एकाचा वाटा दुसऱ्यापासून सुटा करता येत नाही. मग ‘शब्द ४०, चाल ४०, बीट २०’ हा व्हॉट्सअॅपवर ठरलेला हिशेब नेमका कशाचा? बीटचे २० चालीतले की ध्वनिमुद्रणातले?

कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीचा गाजावाजा झाला तो चित्रपटगीतांमुळे. स्वतंत्र गाण्यांसाठीही तिच्यात वेगळं परंतुक आहे. चित्रपटाचा भाग नसलेल्या ध्वनिमुद्रणातल्या शब्दांचा आणि संगीताचा कर्ता रॉयल्टीतला आपला समान वाटा सोडून देऊ शकत नाही, अपवाद वारस आणि हक्कसंस्था, म्हणजे कर्त्यांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था, यांचा. ‘एकरकमी घ्या, पुढे काही मागू नका’ हे कलम गीतकार-संगीतकारांच्या बाबतीत त्यामुळे टिकत नाही, तरी अजून करारांत दिसतं. बीटवाल्याला हे कवच मिळतं ते त्याचं नाव संगीतकार म्हणून लागलं तरच. तिसऱ्या रकान्यासाठी चाललेली मारामारी खरं तर दुसऱ्या रकान्यासाठी व्हायला हवी.

दोन क्रमांकांचा घोळ याच्याच जोडीला. गाणं अपलोड करताना वितरक जो बारा अक्षर-अंकांचा कोड देतो तो ध्वनिमुद्रणाचा. रचनेचा कोड वेगळा, तो हक्कसंस्थेकडे रचना नोंदवल्यावर मिळतो. पहिला हातात पडला की बहुतेकांना नोंदणी झाली असं वाटतं. गीतकार-संगीतकारांची संस्था २०१७ च्या अखेरीस नव्याने नोंदली गेली, त्यानंतर तरुण सभासद होऊ लागले, पण खोलीतल्या तिघांपैकी एकच सभासद असला तर बाकीच्यांचा वाटा अडकून राहतो.

हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा हवा, हे कायद्यात स्पष्ट आहे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घाईघाईत, एका पानावर झालेल्या करारांपैकी ज्यांत मुदत घालायची राहिली, त्यांची पाच वर्षं भरली आहेत.