जोडीदारांमधील मतभेद : वेळीच केलेला प्रामाणिक संवाद

दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या जोडीदारांनी परस्परांविषयीची नाराजी मनात साठू न देता, ती लहान असतानाच आडपडदा न ठेवता बोलून दाखवण्याची ही रीत आहे. वैवाहिक समुपदेशनात तिला मध्यवर्ती स्थान आहे.

पैसा, घरकामाची वाटणी, सासर-माहेरचे संबंध आणि मुलांचे संगोपन हे वादाचे नेहमीचे विषय होत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या मते जोडप्यांमधील सुमारे ६९ टक्के वाद स्वभाव व गरजा यांतील कायमच्या फरकांतून येतात आणि ते पूर्णपणे कधीच मिटत नाहीत. म्हणून अशा संवादाकडून वादाचा निकाल लागण्याची अपेक्षा धरणे चूक ठरते. न मिटणाऱ्या फरकाचे रूपांतर तुच्छतेत होऊ न देणे, हेच त्याचे खरे काम आहे. टीका, तुच्छता, बचावाचा पवित्रा आणि संवाद तोडून गप्प बसणे या चार घातक वर्तनांपैकी गॉटमन तुच्छतेला सर्वांत विनाशक मानतात.

बोलण्याची सुरुवात कशी होते, याला फार महत्त्व आहे. सिबिल कॅरेर आणि गॉटमन यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, १२४ नवविवाहित जोडप्यांच्या अभ्यासात वादाच्या पहिल्या तीन मिनिटांतील भावनिक सुरावरून पुढील सहा वर्षांतील घटस्फोटांचा अंदाज बांधता आला. ‘तुला घराचं काही पडलेलंच नाही’ हा माणसावरचा आरोप आहे. ‘हा आठवडाभर दोन्ही वेळचा स्वयंपाक मीच केला, मी थकले आहे, उद्याचा तू करशील का?’ या वाक्यात घटना, भावना आणि मागणी तिन्ही स्पष्ट आहेत. तक्रार ताजी असली की असे नेमके बोलता येते, जुनी झाली की तिला मागचे सगळे हिशेब येऊन चिकटतात आणि शब्द टोमण्याचे रूप घेतात.

मराठी घरांत नाराजी अनेकदा अबोल्यातून व्यक्त होते. मोठ्यांसमोर बोलता येत नाही, लहान घरात एकांत मिळत नाही, आणि मग ‘बाबांना सांग, पान वाढलंय’ असे निरोप मुलांमार्फत जाऊ लागतात. या निरोप्या मुलांवर पडणारा भार मोठ्यांच्या सहसा लक्षातही येत नाही, ही गोष्ट दुःखद आहे. एकाने विषय लावून धरायचा आणि दुसऱ्याने टाळायचा, हा मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी अभ्यासलेला आकृतिबंधही अबोल्याच्या जवळचा आहे. मात्र संताप अनावर झाल्यास किमान वीस मिनिटे थांबून, पुन्हा केव्हा बोलायचे ते ठरवून बाजूला होणे म्हणजे अबोला नव्हे.

केवळ गोड बोलणे पुरेसे आहे, असा याचा अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ निकोला ओव्हरॉल आणि जेम्स मॅकनल्टी यांच्या संशोधनानुसार समस्या गंभीर असेल आणि जोडीदाराला बदलणे शक्य असेल, तर स्पष्ट विरोध त्या क्षणी दुखावणारा असला तरी पुढे उपकारक ठरू शकतो.

जेथे एका जोडीदाराला दुसऱ्याची भीती वाटते, तेथे ही रीत लागू पडत नाही, कारण मोकळेपणाने बोलल्याची शिक्षा मारहाणीच्या रूपात मिळू शकते. अशा वेळी संवादापेक्षा सुरक्षितता आधी येते. भारतात २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा विवाहसदृश नात्यातील स्त्रियांनाही संरक्षण देतो.