ऑग्यूस्त पेरेचे काँक्रीट आणि सळईवरचे दोन सेंटिमीटर

आरसीसीची इमारत म्हणजे कायमची निश्चिंती, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पावसाळ्यात स्लॅबचा तुकडा पडल्याची बातमी आली, की सगळा दोष निकृष्ट सिमेंटच्या माथी मारला जातो. खरे कारण पुष्कळदा निराळे असते, आणि फ्रेंच वास्तुरचनाकार ऑग्यूस्त पेरे (१८७४–१९५४) याच्या कामात ते स्पष्ट दिसते.

पदविका न घेताच कलाशाळा सोडून पेरे घरच्या बांधकाम व्यवसायात शिरला. पॅरिसमध्ये रू फ्रँकलिनवर १९०४ च्या सुमारास उभ्या राहिलेल्या इमारतीत त्याने काँक्रीटचा सांगाडा दर्शनी भागात आणला, पण त्यावर चिनीमातीच्या फरशा चढवल्या. पॅरिसजवळच्या ल रँसी येथील नोत्र दाम चर्चमध्ये (१९२३) मात्र सुमारे ११ मीटर उंचीचे सडपातळ खांब आणि जाळीदार भिंती त्याने तशाच उघड्या ठेवल्या.

ताण सोसते ती सळई, आणि सळईला गंजापासून राखते ते काँक्रीटचे अल्कधर्मीपण. ताज्या काँक्रीटचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणा दाखवणारा अंक) साडेबाराच्या वर असतो आणि त्यामुळे पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट थर टिकून राहतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मात्र छिद्रांतून आत शिरून चुन्याचे कार्बोनेट करतो आणि सामू नऊच्या आसपास उतरवतो; मग सळईवरचा तो थर टिकत नाही. आत जाणाऱ्या प्रत्येक रेणूला आधीच्या कार्बोनेट झालेल्या थरातूनच वाट काढावी लागते. थर जितका जाड, तितका पुढचा प्रवास मंद. म्हणून कार्बोनेट झालेल्या थराची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते: एक सेंटिमीटरला २५ वर्षे लागली, तर दोन सेंटिमीटरला ५० नव्हे, १०० वर्षे लागतात. उलट बाजूने, सळईवरचे कव्हर, म्हणजे तिला झाकणाऱ्या काँक्रीटची जाडी, निम्मे केले तर संरक्षणाचा काळ चौथाईवर येतो. एकदा या थराची सीमा सळईपर्यंत पोचली आणि ओलावा मिळाला, की गंज मूळ पोलादाच्या कित्येक पट जागा मागतो आणि काँक्रीट आतून फोडतो. प्लॅस्टर सुटले म्हणून वास्तुदोष काढून दरवाजाची दिशा बदलणाऱ्यांनी आधी हे कव्हर मोजून घ्यावे.

ल रँसीच्या नाजूक जाळ्यांत जाड कव्हरला जागाच नव्हती. सळया गंजल्या, काँक्रीटचे टवके उडाले आणि पुढे मोठी दुरुस्ती करावी लागली. पेरेचे धाडस मला थोर वाटते, पण त्याची किंमत रसायनशास्त्राने वसूल केली.

दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले ल हाव्र हे फ्रेंच बंदर पुन्हा उभारण्याचे काम त्याच्याकडे आले. २००५ मध्ये त्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथे त्याने काँक्रीटवर टाकीचे (छिन्नीचे) घाव घालून आतली खडी उघडी केली. पृष्ठभाग देखणा झाला, मात्र टाकीने जितके मिलिमीटर उडवले, तितके सळईवरचे कव्हर कमी झाले.